परवा दिलेला लेप

तारनाका, हैदराबाद
शनिवार, सकाळ

प्रिय केतकी,

अनेक आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. हल्ली मामानं भाचीला टपालानं पत्र पाठवलं की आधी 'कोण गेलं' हेच मनात येतं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. फोन पुष्कळ लावले. एकदा वंदनानं उचलला आणि तू झोपली आहेस म्हणाली. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तू अकरापर्यंत लोळणारी मुलगी नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या बहिणीला खोटं बोलता येत नाही हेही मला ती परकर-पोलक्यात होती तेव्हापासून ठाऊक आहे. तेव्हा फोनचा नाद सोडला. मोबाइलवर लिहायला घेतलं तर चार ओळींत आटपतं, आणि हे चार ओळींत आटपावं असं माझ्या मनाला फार वाटतंय, म्हणूनच कागद घेतला.

इकडची हालहवाल सांगतो. तुझी खोली तू गेलीस तशीच आहे. स्कूटीवर तुझ्या मामीनं, मंगलानं, जुनी चादर घातली आहे. खालचा वॉचमन रोज न चुकता विचारतो, "बिटिया कब आरी, साब?" आणि मी रोज "आ जाती, आ जाती" म्हणून लिफ्टमध्ये शिरतो. संक्रांत झाली. तिनं तीळगूळ केला, तुझ्या नावाचा डबा भरून फ्रिजवर ठेवला. माझ्या हातावर मात्र एक वडी ठेवली नाही. देताना 'गोड बोला' म्हणावं लागतं ना, आणि ती सध्या माझ्याशी बोलतच नाही. म्हणजे 'ताट घ्या', 'गीझर बंद करा' एवढं बोलते. का बोलत नाही ते पुढे येईलच. मला ते लवकर लिहावंसं वाटत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

तू पहिल्यांदा संस्थेत आलीस तो दिवस सारखा डोळ्यांपुढे येतो. प्रवेशपरीक्षा तू स्वतःच्या हिमतीवर दिलीस, मार्गदर्शक म्हणून पद्मावती मॅडम मिळाल्या, आणि राहायला मामाचं घर. वंदनाला केवढा आधार वाटला होता. मी तुला माझी सूक्ष्मदर्शकाची खोली दाखवली. इथं डोळा लावून बघायचं भिंग नाही, एक बारीक सुई आहे, ती पृष्ठभागावरून फिरते आणि जिथं उंचवटा लागेल तिथं उचलली जाते, त्यावरून चित्र तयार होतं, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो तसं तुलाही सांगितलं. डीएनएचा धागा इतका बारीक, की तो ज्यावर ठेवायचा ती जमीनही तितकीच सपाट हवी. ती सपाटी देतं अभ्रक. वरचा पापुद्रा चिकटपट्टीनं ओढून काढला की खालून जो नवा पृष्ठभाग निघतो त्यात उंचसखल म्हणून काही सापडत नाही. तू तो पापुद्रा ओढलास, उजेडाकडे धरलास आणि म्हणालीस, मामा, आजीच्या घडीच्या पोळीचा असाच सुटायचा. मग लगेच जीभ चावून 'सर' म्हणालीस.

आणि तुझा पहिला प्रश्न आठवतो का? कपाटात दोन डबे होते. एकात पहिल्या प्रतीचं अभ्रक, काचेसारखं नितळ. दुसऱ्यात चौथ्या प्रतीचं, आपल्याच गुडूरच्या खाणींतलं, तपकिरी डागांचं. तू विचारलंस, यातलं चांगलं कोणतं? मी तेव्हा जरा भाव खात उत्तर दिलं, की चांगलं कोणतं हे विचारू नये, काय बघायचंय ते आधी ठरवावं. आरपार उजेड सोडायचा असेल, मोठा भाग एका दमात बघायचा असेल, तर नितळ घे. धागे शोधायचे असतील तर डागी पुष्कळ झालं. अभ्रकाची प्रतवारी माणसाच्या डोळ्यानं केलेली असते, आणि आपली सुई आंधळी आहे, तिला डाग दिसत नाही. हे वाक्य तू वहीत लिहून घेतलंस आणि त्यावरच पुढचं सगळं काम बेतलंस. छोट्या गावातल्या कॉलेजांनी नितळ अभ्रक मिळत नाही म्हणून अडून राहू नये, डागी चालतं हे आपण नीट करून दाखवू, म्हणजे त्यांची मुलंही हे काम करतील, असं तू म्हणायचीस. मंगला जेवताना म्हणायची, ही पोरगी दगडातसुद्धा गरिबाची बाजू घेते.

घरात तू आल्यावर माझ्यात एक बदल झाला होता. तुला तो कळायचं कारण नाही, मंगलाला मात्र पहिल्या आठवड्यातच कळला. मी तुझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलायला लागलो. आमच्या घरात एरवी 'हो'ला 'हौ' चालतं, 'जरा थांबो' चालतं, रागावलं की सरळ इथली दख्खनी उर्दूच बाहेर येते. तू आलीस आणि मी 'अवश्य', 'कदाचित', 'त्यानिमित्तानं' असं काहीबाही बोलू लागलो. मंगला हसायची. "आलं बाई पुणं घरात," म्हणायची, "आता भाजीलासुद्धा इस्त्री करून वाढते." यामागे एक कारण होतं. तू यायच्या आधी वंदनाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, ठेवता ठेवता ती म्हणाली, दादा, तिच्याशी नीट मराठी बोल रे. मला ते लागलं. पण ती का म्हणाली तेही मला कळलं होतं, आणि ते तुला आज सांगायला हवं, कारण तुझ्या घरात ही गोष्ट कुणी काढत नाही. तुझी आजी, बाबांची आई, आता नाही, आणि तुझ्या बाबांना ही गोष्ट कधी कळलीच नाही.

वंदनाचं नुकतं लग्न झालं होतं. एक दिवस पिठात अळ्या निघाल्या. तुझ्या आजीनं विचारलं, दळण कधी आणलं होतं? वंदना म्हणाली, परवा. झालं! तुझी आजी तो डबा घेऊन तडक गिरणीवाल्याकडे गेली आणि चार लोकांसमोर त्याला फैलावर घेतलं, की दोन दिवसांत पिठात अळ्या पडतात तर तू दळतोस तरी काय. तो बिचारा शपथा घेत राहिला. मग उलगडा झाला की दळण आणून महिना होत आला होता. वंदना खोटं बोलली नव्हती. ती हैदराबादचं मराठी बोलली होती. इथल्या दख्खनीत 'परसों' म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस. मागच्या आठवड्यातला, मागच्या महिन्यातला, कुणाकुणाचा तर मागच्या वर्षातलासुद्धा. आणि तो अर्थ आपल्या घरांतल्या 'परवा'त कधी येऊन बसला ते कुणालाच कळलं नाही. दख्खनीवाल्यांनी आपलं 'नको' उचललं आणि त्याचं 'नक्को' केलं, आपण त्यांचं परसों उचललं. फिट्टंफाट. पण हा विनोद पुण्यात कुणाला सांगणार? तुझ्या आजीनं तिला एवढंच म्हटलं, की आमच्यात परवा म्हणजे परवा असतो. त्या दिवशी वंदना मला फोन करून रडली होती. तिनं तेव्हापासून तो शब्द टाकला, त्याबरोबर आपलं सगळंच बोलणं टाकलं. तू तिच्या तोंडून कधी 'हौ' ऐकलं आहेस का? नाही ना. म्हणून तुला हे कुठून कळणार होतं!

आता तुला पुढचं दिसायला लागलं असेल. तरी मी क्रमानंच लिहितो, नाहीतर मी मधलं काहीतरी गाळीन.

दसऱ्याच्या आधी आपल्या प्रयोगशाळेतला हर्षद नोकरी लागून बंगळुरूला गेला, ते तुला आठवतं. जायच्या आधी मी आणि त्यानं मिळून डागी अभ्रकाचे तुकडे तयार केले होते. डीएनए अभ्रकाला आपणहून धरून राहत नाही, म्हणून त्यावर औषधाच्या वाफेचा पातळसा लेप द्यावा लागतो. तो दिला आणि तुकडे कोरड्या बरणीत ठेवले. लेप दिलेले तुकडे आठवडाभरात वापरायचे हे मीच सगळ्यांना बजावून सांगतो, आणि मीच ती बरणी विसरलो. दिवाळीला तू पुण्याला गेलीस, परत आलीस. सोमवारी नितळ अभ्रकाला लेप दिलास. डागी तुकडे करायला वेळ उरला नाही, आणि गुरुवारी सकाळी यंत्र तुझ्या नावावर होतं. बुधवारी रात्री जेवताना तू तेच म्हणत होतीस, की दोन्ही एकाच दिवशीचे असते तर तुलना किती नीट झाली असती. मला तुझं तोंड उतरलेलं बघवेना. मी म्हणालो, अगं, मी परवा दिलाय ना लेप डागी तुकड्यांना, बरणीत आहेत, घे की. तू घास हातात धरून विचारलंस, परवा ना, मामा? मी आमटी भुरकत म्हणालो, हो हो, परवा. मंगला भात वाढत होती. दिवसभर नीट मराठी बोलणारा मी, जेवताना पोटभर आपल्या घरचं बोललो.

तुझ्या हिशेबानं परवा म्हणजे सोमवार, म्हणजे तुझ्याच नितळ तुकड्यांचा दिवस. तू किती खूश झालीस. गुरुवारी यंत्रावर बसलीस. नितळ अभ्रकावर धागे सुंदर दिसले आणि डागी अभ्रकावर जिकडेतिकडे रवा सांडल्यासारखे उंचवटे. तो शिळ्या लेपाचा रवा होता, अभ्रकाचा त्यात काडीचा दोष नव्हता. पण तू अहवालात प्रामाणिकपणे लिहिलंस: दोन्ही तुकड्यांना लेप दिल्यावर मध्ये दोनच दिवस गेलेले, तरीही चौथी प्रत कामाची नाही. ते लिहिताना तुला वाईट वाटलं होतं. त्या संध्याकाळी तू मला म्हणालीस, मामा, तुमची सुई आंधळी नाही हो, तिला डाग दिसतो. मीसुद्धा मान हलवली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच, केतकी. चुकलो मी, आणि बोल लावला अभ्रकाला.

तुझ्या अहवालावरून मॅडमनी डागी अभ्रक बंद केलं. कॉलेजांसाठी ठरलेलं प्रशिक्षण रद्द झालं. आणि मग दुसऱ्या शहरातल्या गटानं, जो आपल्याबरोबर हे काम करत होता, त्याच गठ्ठ्यातलं डागी अभ्रक वापरून धाग्यांची स्वच्छ चित्रं पाठवली आणि विचारलं, तुमचे तुकडे नक्की कधीचे? त्यावरून ती मंगळवारची बैठक. तू तिथं होतीस, मी काय सांगणार तुला. पण तू समोर बसली होतीस, तुला माझ्या आतलं दिसलं नाही, ते सांगतो.

हर्षदला फोन लावला. तो म्हणाला, डागी तुकडे मी आणि विकास सरांनी केले, त्यानंतर आठवड्यात मी संस्था सोडली. म्हणजे दसऱ्याच्या आधीचे. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मॅडमनी विचारलं, मग दोन दिवस हा आकडा आला कुठून? तू म्हणालीस, विकास सरांनी सांगितलं. ते म्हणाले, परवा. संस्थेतल्याच अविनाश सरांनी ते बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं. ते पुण्याचे, त्यांनी परवाचं जे भाषांतर व्हायला हवं तेच केलं. मग मॅडम माझ्याकडे वळल्या आणि त्यांच्या तेलुगू आदरानं म्हणाल्या, विकास गारू, तुम्ही हिला दोन दिवस म्हणाला होता का?

त्याच क्षणी मला सगळं कळलं. मला नंतर कळलं असं मी तुला सांगू शकलो असतो, तू विश्वासही ठेवला असतास. पण तसं नाही. आमटीचा भुरका, तुझा हातातला घास, आणि त्याच्यामागे पिठाचा डबा घेऊन गिरणीकडे निघालेली तुझी आजी, सगळं एकदम समोर उभं राहिलं. फक्त एवढंच म्हणायचं होतं: मॅडम, आमच्या घरात परवा म्हणजे परसों. पद्मावती मॅडम इथल्याच. त्या हसल्या असत्या, टेबलावर हात मारून हसल्या असत्या, आणि प्रकरण चहावर मिटलं असतं. आणि मी काय म्हणालो? नाही मॅडम, मी दोन दिवस असं म्हणालो नाही. अक्षर न् अक्षर खरं. दोन दिवस हे शब्द मी उच्चारले नव्हते.

का, म्हणशील. नोकरीची भीती नव्हती, माझी दोन वर्षं उरली आहेत, मला कोण काय करणार आहे! खरं कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहिताना कान तापतात. अविनाश सर समोर बसले होते. ते मला नेहमी चारचौघांत म्हणतात, विकासराव, जन्म हैदराबादेत काढून तुमचं मराठी किती शुद्ध! आमच्याकडच्या मुलांनी ऐकावं. त्यांनी असं म्हटलं, की मग मी दिवसभर तरंगत असतो. आणि त्याच माणसासमोर मला सांगावं लागणार होतं, की सर, हे शुद्धबिद्ध सगळं वरचा पापुद्रा आहे, आत आम्ही परवा आणि मागचा महिना यांत फरक करत नाही. लहानपणापासून झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवली होती. ती उघडायची मला लाज वाटली. माझ्या बोलीची लाज, केतकी. माझ्या आईनं मला ज्या बोलीत जेवायला हाक मारली तिची लाज. तेवढ्यासाठी मी तुला खोटं पडू दिलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता ही म्हणेल, मामा, खोटं का बोलता? तू फक्त लॅपटॉप मिटलास. आणि त्याहून वाईट पुढं झालं. बैठक सुटल्यावर अविनाश सरांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, सख्ख्या भाचीलासुद्धा पाठीशी घातलं नाहीत, अशी माणसं आता राहिली नाहीत. मी काय केलं असेल? मी 'छे छे, कर्तव्यच होतं ते' म्हणालो. म्हणालो गं. हे मी मंगलालाही सांगितलेलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय.

त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात मामीजवळ रडलीस आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पुण्याला गेलीस. मी स्टेशनवर तुझी बॅग उचलायला गेलो तर तू 'राहू दे' म्हणालीस, इतक्या हळू की मला ते नीट ऐकूही आलं नाही. घरी आलो तेव्हा मंगला बाल्कनीत कढीपत्ता तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी जेवताना परवा म्हणालात, मी भात वाढत होते. तुमचं परवा कोणतं ते मला माहीत, माझं माहेर इथलं. त्या पोरीला कुठून माहीत? तिथं सांगितलात का नाही?" मी म्हणालो, त्यांनी मला दोन दिवसांबद्दल विचारलं, मी दोन दिवस म्हणालो नव्हतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. "वा," म्हणाली, "बहुत बढिया." तेव्हापासून आमच्या घरात गीझर आणि ताट एवढंच संभाषण आहे.

तरीही मी गप्प राहिलो असतो. माझी लायकी मी ओळखून आहे. मनाशी म्हणत होतो, होईल शांत, मॅडम चांगल्या आहेत, एखादी समज देऊन सोडून देतील. आणि मग काल, शुक्रवारी, तुझं ईमेल सगळ्यांना आलं. माझ्या गैरसमजामुळे चुकीचा आकडा लिहिला गेला, विकास सरांचा यात काही संबंध नाही, मी शिष्यवृत्ती आणि पीएचडी दोन्ही सोडत आहे. तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस. मी स्वतःला वाचवायला खरं बोललो होतो, आणि तू मला वाचवायला खोटं लिहिलंस. ते वाचून मी खोलीला आतून कडी लावली आणि बराच वेळ यंत्रासमोर बसून राहिलो. रडलोही. ते महत्त्वाचं नाही.

मग उठलो आणि जे मला येतं ते केलं. कपाटाच्या तळाशी तो नाकारलेला डागी गठ्ठा होता. त्यातला सगळ्यात डागाळलेला तुकडा निवडला, चहा सांडल्यासारखा तपकिरी. चिकटपट्टीनं पापुद्रा ओढला, ताजा लेप दिला, वाट पाहिली, तुझाच नमुना घातला आणि सुई टेकवली. केतकी, धागे आले. एकेक सुटा, वळण न् वळण दिसणारा, आणि त्यांच्याखाली जमीन अशी की कुठं खडा नाही, रवा नाही. नितळ अभ्रकाचं चित्र शेजारी ठेवलं तर कोणतं कुठलं ते मलाही सांगता येईना. मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं ते खरं होतं, सुईला डाग दिसत नाही. तुझं काम बरोबर होतं. प्रश्न बरोबर होता, पद्धत बरोबर होती, एकाच ठिकाणी तू चुकलीस, तू मामाच्या शब्दावर विश्वास ठेवलास. चित्र छापून सोबत ठेवलं आहे. मागे तारीख घातली आहे, आकड्यांत. यापुढे मी दिवस तोंडी सांगणार नाही.

आता हे पत्र का, ते. तुझा राजीनामा मंजूर करायला सोमवारी समिती बसते आहे. मी आत जाऊन सांगणार आहे: मी तिला परवा म्हणालो, आमच्या बोलीत परवा म्हणजे परसों, ती पुण्याची, तिनं बरोबर तेच ऐकलं जे तिनं ऐकायला हवं होतं, आणि बैठकीत मला हे कळलेलं असून मी गप्प बसलो. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जड आहे, आणि मला माझा भरवसा नाही. दाराशी अविनाश सर भेटले, प्रेमानं 'या विकासराव' म्हणाले, तर मी पुन्हा काहीतरी अक्षरशः खरं बोलून बाहेर येईन, अशी मला भीती वाटते. म्हणून हे आधी लिहून तुझ्या हातात देतोय. इथल्या तारनाक्याच्या पोस्टात सगळे ओळखीचे आहेत, टाकलेलं पत्र 'अरे भाई, जरा वापस दे' म्हणून मी मागून घेईन. तेव्हा आत्ता मेट्रोनं आबिड्सला जातो, तिथल्या मोठ्या पोस्टातून पाठवतो, तिथं मला कुणी ओळखत नाही. तुला हे मिळेल तेव्हा समिती उठलेली असेल. मी बोललो असेन तर मॅडमचा फोन तुला आलेला असेल, मग हे वाचून फाडून टाक किंवा ठेव. फोन आला नसेल तर हे पत्र जसंच्या तसं मॅडमना पाठव, माझा विचार करू नकोस, मामा म्हणून तर मुळीच करू नकोस. आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी एकदा वंदनाला वाचून दाखव. तिला सांग, गिरणीवाल्याच्या वेळी ती नवी सून होती आणि कुणी विचारलं नाही म्हणून गप्प राहिली. तिच्या दादाला विचारलं होतं, तरी तो गप्प राहिला. तिनं तो शब्द टाकला, मी सोमवारी तो चारचौघांत मोठ्यानं उच्चारणार आहे. आज शनिवार, उद्या रविवार, आणि समिती परवा. मध्ये एकच दिवस आहे, केतकी. या खेपेला परवा म्हणजे परवाच.

तुझाच,
विकासमामा